पिवळ्या जर्सीवरच्या सह्या

धुळ्यातल्या माझ्या दुकानात काचेच्या फ्रेममध्ये अकरा जर्सी टांगलेल्या होत्या. सगळ्या बास्केटबॉलच्या, सगळ्यांवर सह्या. खाली रॅकेटी, कॅरमचे स्ट्रायकर, शाळांच्या गॅदरिंगला लागणारे कप आणि ढाली असलं विकायचं सामान, आणि वर भिंतीवर हा माझा दरबार. गिऱ्हाईक मान वर करून विचारायचं, "ही केवढ्याला हो?" मी म्हणायचो, "ती विकायची नाही." एवढं बोलताना मला जे सुख व्हायचं ते दिवसभराच्या धंद्यात व्हायचं नाही.

सुरुवातीला लोक हसायचे. घामट बनियनी काचेत घालतो म्हणून बाजारात माझी टिंगल चालायची. मग नव्वदीत घरोघर केबल आली, पोरांना अमेरिकेतल्या बास्केटबॉलचं वेड लागलं आणि तेच लोक आपापल्या पोरांना बोट धरून माझ्या भिंतीसमोर उभं करायला लागले. मीही मग तज्ज्ञासारखं बोलायचो. सही छातीवर पाहिजे, पाठीवर नको. नंबरावर तर नकोच, तिथं छापलेला रंग असतो, त्यावर शाई धरत नाही, दोन उन्हाळ्यांत तडकते. जर्सी खेळलेली पाहिजे आणि धुतलेली नको. आणि सगळ्यात मोठं शास्त्र म्हणजे खेळाडू हरून आला की जर्सी काढून देतो, जिंकून आला की देत नाही. मी कित्येक स्पर्धांना फक्त हरणाऱ्या टीमच्या गाडीपाशी उभा राहिलोय.

अकरा फ्रेमच्या शेजारी बारावा खिळा मारून ठेवला होता. त्याला काही टांगलेलं नव्हतं. त्या खिळ्यावर जी यायला हवी होती ती जर्सी अमळनेरकडच्या आमच्या गावी, माझ्या चुलतभावाच्या घरात होती. तिची ही गोष्ट. माझी बाजू चांगली दिसावी म्हणून मी ती फिरवून सांगणार नाही, तेवढी अक्कल मला ह्या वयात आली आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही जळगावला राहायचो. वडील एका कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम होते. मी कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा कप्तान होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. वडिलांचे थोरले भाऊ गावी शेती करायचे. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. आबांचा मुलगा बारावी होऊन कॉलेजसाठी आमच्या घरी राहायला आला. शेतीपायी शाळेत मागं पडलेला, पण माझ्याहून वर्षाने मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणायचो. सव्वासहा फूट उंच. आमच्या दाराची चौकट त्याला दर दोन दिवसांनी कपाळाला लागायची आणि तो चौकटीलाच सॉरी म्हटल्यासारखं हसायचा.

आल्या आल्या त्याने माझं काय काय घेतलं ते ऐका. माझी खाट घेतली, कारण पाहुणा खाली कसा झोपेल. माझ्या आईचं अर्धं लक्ष घेतलं. ताटावर बसलो की आई त्याच्या ताटात आणखी एक कळण्याची भाकरी टाकायची आणि म्हणायची, "खाय रे भाऊ, तुले पळनं पडस." अगं, मग मी काय कोर्टावर झोपा काढत होतो? आणि दुसऱ्या वर्षी त्याने माझी कप्तानी घेतली. ह्या माणसाने गावात असताना बास्केटबॉल पाहिलासुद्धा नव्हता! आमच्या सिमेंटच्या कोर्टावर, मे महिन्यात पाय भाजत असताना तो अनवाणी उडी मारायचा आणि रिंगला लोंबकळून खाली उतरायचा. सरांनी मला बोलावून सांगितलं, "तू उपकप्तान." मी "हो सर" म्हटलं आणि संडासात जाऊन रडलो.

भाऊचा दोष काही नव्हता. तो चांगला होता, हाच त्याचा दोष होता. तो मला कधी एक शब्द वाकडा बोलला असता तर माझं पुढचं काम सोपं झालं असतं.

त्याच वर्षी जळगावात एक प्रदर्शनी सामना झाला. भारताच्या टीममधून खेळलेला एक मोठा खेळाडू आला होता. नाव सांगत नाही, पण त्या काळी ज्याला बास्केटबॉल कळायचा त्याला ते नाव माहीत होतं. हा माणूस सह्या देत नाही अशी त्याची ख्याती होती. सामना संपल्यावर मी आधी पोचलो. वडिलांच्या जिनिंगमधलं, गाठींवर नंबर टाकायचं जाड काळ्या शाईचं पेन मी मुद्दाम खिशात आणलं होतं. ती शाई धुऊन जात नाही, घासून जात नाही. मी जर्सी ताणून छाती पुढं केली. त्याने माझ्याकडे न बघता हाताने बाजूला सारलं आणि म्हणाला, "बाद में." आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या भाऊला म्हणाला, "तू इधर आ."

मग माझ्या हातातलं पेन घेतलं. माझं पेन! टोपण माझ्याच मुठीत राहिलं. भाऊच्या पिवळ्या जर्सीवर, सात नंबराच्या वर त्याने लिहिलं, "इस लड़के को ट्रायल दो." आणि नंबराच्या खाली उजव्या बाजूला लांबलचक सही केली. पुण्यात एका मोठ्या कंपनीची टीम नव्याने उभी राहणार होती, मे महिन्यात तिची निवड होती. निवडला गेला की नोकरी पक्की. पण यादीत नाव असल्याशिवाय मैदानात पाय ठेवू देत नव्हते, आणि जळगावच्या पोराचं नाव यादीत कोण घालणार? पाहुणा खेळाडू म्हणाला, "मैं टीम के साथ बाहर रहूँगा. ये पहन के जाना. वो लोग मेरी लिखावट पहचानते हैं." पेन मला परत दिलं आणि गाडीत बसून गेला.

म्हणजे ती जर्सी हीच भाऊची चिठ्ठी होती. तिच्याशिवाय त्याला दार उघडणारं दुसरं काही नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही.

आमच्या गावाची एक रीत होती. कागदावर सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय तो कागद खरा नाही. सोसायटीचा ठराव असो, भांडणाचा पंचनामा असो नाहीतर सप्त्याची वर्गणी असो, सरपंचाची सही झाली की चेअरमनची, मग पोलीस पाटलाची, मग गुरुजींची. कुणाची राहिली तर तो माणूस वर्षभर तोंड फिरवून जायचा. ही रीत मला आठवली आणि माझं डोकं चाललं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी गावात भाऊचा सत्कार ठरला होता. आखाजीला लेकी माहेरी आलेल्या असतात, गाव भरलेलं असतं. चार दिवस आधी मी एकटाच गावी गेलो आणि आबांना म्हणालो, "आबा, परक्या माणसानं सही केली, आणि गावाची एकही नको? बाहेर काय दिसेल? पोरामागं गाव नाही असं दिसेल." आबांना ते एकदम पटलं. सरपंचांना तर त्याहून पटलं. भाऊ जळगावाहून आल्यावर त्याला सांगितलं तेव्हा त्याने फक्त एवढंच म्हटलं, "चालेल, पण पाठीवर. पुढं कोणी हात लावू नका." मी म्हणालो, "पाठीवरच रे. मी उभा आहे ना तिथं."

मधल्या त्या चार दिवसांत आणखी एक गोष्ट झाली. आबांना लिहिता येत नव्हतं. आयुष्यभर अंगठा लावला. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला गोठ्यामागे नेलं, धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं आणि हळूच म्हणाले, "पोऱ्याना कपडावर आंगठा कसा लावू रे? माले सही शिकाड. त्याले सांगजो नको."

मी शिकवली. पाटीवर नाव गिरवून दिलं आणि त्यावरून त्यांचा हात फिरवला. नांगर धरून बोटं अशी जाड झालेली की पेन्सिल त्यांत मावेना. चार दिवसांत चार पेन्सिली मोडल्या. प्रत्येक वेळी एक काना विसरायचे आणि स्वतःच्याच डोक्यात टपली मारायचे. चौथ्या दिवशी न बघता सही जमली तेव्हा म्हातारा लहान पोरासारखा हसला आणि मला गूळ-शेंगदाणे दिले. मी ते खाल्ले. त्यांची ती पहिली सही मी कुठं करवून घेणार आहे ते माझ्या मनात तेव्हाच ठरलं होतं.

सत्काराला शाळेपुढं मांडव घातला होता. भाऊला खुर्चीवर बसवलं, गळ्यात हार, डोक्यावर टोपी, मांडीवर नारळ. मी पाटावर जर्सी पसरली. छाती वर करून पसरली. पहिला मान कुणाचा ह्यावरून सरपंच आणि चेअरमन यांची अपेक्षेप्रमाणे जुंपली, तेव्हा मी माइकवर म्हणालो, "पहिली सही बापाची." टाळ्या काय पडल्या म्हणता! आबा उठले. ह्यांना सही येते हे कुणालाच माहीत नव्हतं. मी गाठींचं तेच पेन त्यांच्या हातात दिलं आणि सात नंबराच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं. "आबा, इथं."

भाऊ खुर्चीतून अर्धा उठला. नारळ गडगडत खाली गेला. त्याने तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात त्याला दिसलं की बाप अंगठा लावत नाही, बाप लिहितोय. जीभ दातांत धरून, एकेक अक्षर ओढून आठ अक्षरं लिहितोय. भाऊ तसाच उभा राहिला. मग हळूहळू खाली बसला. आबांनी काना विसरला नाही. खालच्या हिंदी ओळीवर त्यांचं नाव नांगराच्या तासासारखं आडवं गेलं आणि सगळा मांडव ओरडला. बायकांनी डोळे पुसले. माझ्या आईनेसुद्धा.

भाऊने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नुसतं बघितलं. मी नजर चुकवली नाही, एवढा मी तेव्हा निगरगट्ट होतो.

पुढचं आपोआप झालं. सरपंचांनी आबांच्या शेजारी केली, चेअरमननी त्यांच्याहून मोठी केली. गुरुजी चष्मा लावून म्हणाले, "अरे, इथं खाली काहीतरी लिहिलेलं आहे." मी म्हणालो, "नुसत्या शुभेच्छा आहेत, गुरुजी." पोलीस पाटलांनी सहीबरोबर तारीखही घातली. शेवटी कुणीतरी म्हणालं, "आता तू कर, उपकप्तान ना तू!" खाली कमरेपाशी वीतभर जागा गावाच्या सह्यांतून सुटली होती. मी पेन घेतलं आणि पाहुण्याच्या सहीवर, बरोबर तिच्याच अंगावर, तिच्याइतकीच लांब माझी सही ठोकली. हात जरासुद्धा हलला नाही. खरं सांगतो, इतकी सुंदर सही मी पुन्हा कधी केली नाही.

पुण्याला मी भाऊबरोबर गेलो. आबाच म्हणाले, सोबत जा. फाटकावर यादी घेऊन बसलेल्या माणसाने जर्सी आतल्या साहेबांकडे नेली. साहेब बाहेर आले. तसे भले गृहस्थ होते. जर्सी उन्हात धरली, उलटी केली, सुलटी केली. म्हणाले, "भाई, ये जर्सी है कि ग्रामपंचायत का रजिस्टर?" फाटकावर उभे असलेले सगळे उमेदवार हसले. भाऊ सांगत राहिला, इथं असं लिहिलं होतं, खाली त्यांची सही होती. त्याच्या हिंदीत अहिराणी मिसळायची, तेव्हा पोरं आणखी हसायची. साहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि माझ्याकडे वळले. "तुम साथ में थे ना? तुम बताओ, यहाँ क्या लिखा था?"

एवढंच. एक वाक्य बोलायचं होतं. ते साहेब माझं ऐकणार होते, त्यांच्या तोंडावर दिसत होतं ते. भाऊ माझ्याकडे बघत होता, आणि ह्या वेळी त्याच्या डोळ्यांत विनवणी होती. मांडवात काय घडलं ते विसरायला तो तयार होता, फक्त मी आता खरं बोलावं.

मी म्हणालो, "मुझे याद नहीं, साहब."

साहेबांनी जर्सीची घडी करून भाऊच्या हातात दिली. फाटक लागलं. आतून चेंडू आपटल्याचे आवाज येत होते. ते ऐकत भाऊ थोडा वेळ उभा राहिला आणि मग म्हणाला, "चल." परतीच्या एसटीत त्याने माझ्या आईने दिलेली दशमी काढली, मोडून दोन भाग केले आणि मोठा मला दिला. मला ते फार लागलं. त्याने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

गावी पोचलो तर आबा पारावर वाट बघत बसलेले. "काय झायं रे?" भाऊ त्यांच्यापुढं उभा राहिला, सव्वासहा फूट, आणि म्हणाला, "उंची कमी पडनी, आबा."

आबांनी वर मान करून पोराकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "आसं? बरं, चाल, जेवी ले." त्यांना काय कळलं, किती कळलं, देव जाणे. भाऊ पुन्हा जळगावला आला नाही. त्याची खाट मला परत मिळाली, कप्तानीही मिळाली. त्या वर्षी आमची टीम पहिल्याच फेरीत हरली.

दहाएक वर्षं गेली. आबा वारले. मी धुळ्यात दुकान टाकलं होतं. एक दिवस बाहेरगावचा एक माणूस माझ्या अकरा फ्रेम बघायला आला. असल्या वस्तू गोळा करणारा खरा जाणकार. जाता जाता त्याने त्या मोठ्या खेळाडूचं नाव घेतलं. म्हणाला, तो गेला आता, आणि सह्या तर त्याने दिल्याच नाहीत. त्याने सही केलेली एक जरी जर्सी कुणाकडे निघाली तरी ह्या सगळ्या अकरा तिच्यापुढं पाणी भरतील. त्या संध्याकाळी मी बारावा खिळा मारला.

पुढच्या रविवारी गावी गेलो. भाऊसाठी दुकानातली एक झकपक जर्सी नेली, अमेरिकेतल्या टीमची नक्कल. माझी अक्कल बघा! भाऊ दारातून वाकून बाहेर आला. कानाशी केस पांढरे झाले होते. त्याने मला पाणी दिलं, चहा करायला सांगितला, पोराबाळांची चौकशी केली. मी नवी जर्सी पुढं केली आणि म्हणालो, "भाऊ, ती जुनी पडूनच असेल ना? ती दे मला. काचेत घालतो, चार लोक बघतील. खालची सही अजून ओळखू येईल."

भाऊ घरात गेला. आबांच्या फोटोखाली भिंतीला ती जर्सी खिळ्याने लावलेली होती, काच नाही, फ्रेम नाही. पिवळा रंग विटला होता, पण गाठींची ती शाई जशीच्या तशी. तो ती काढून ओट्यावर घेऊन आला. वहिनींच्या मशीनवरची कात्री मागितली. मला वाटलं दोरा कापतोय. त्याने मांडीवर जर्सी पसरली आणि नंबराच्या खालचा उजवा भाग, जिथं पाहुण्याची सही होती आणि तिच्यावर माझी, तेवढा चौकोन सावकाश कापून काढला. वर आबांच्या आठ अक्षरांना धक्का लागू नये म्हणून डाव्या हाताचं बोट मध्ये धरलं होतं.

चौकोन माझ्या तळहातावर ठेवला. "तुले हाईच पाहिजे व्हती ना? लई जाय." मग उरलेली जर्सी झटकली, भोकातून पाठीचं कोरं कापड दिसलं. "हाई मना बापनी सही शे. हाई देवाव नही." आवाज चढला नाही. माझी नवी जर्सी त्याने घडी करून माझ्या पिशवीत परत ठेवली आणि "चहा घे, निवी जाई," म्हणाला. मी चहा प्यायलो. काय करणार होतो?

तो चौकोन मी फ्रेम केला नाही, गल्ल्याच्या खणात ठेवला. पण हाव कुठं सुटते? महिन्याभराने तो जाणकार पुन्हा आला तेव्हा मी तो त्याच्यापुढं टाकला. त्याने खिशातून भिंग काढलं, कापड दाराच्या उजेडात नेलं आणि बराच वेळ बघत राहिला. "खालची त्यांचीच," तो म्हणाला, "शंभर टक्के त्यांचीच." मग भिंग थोडं वर सरकवलं आणि त्याचा चेहरा उतरला. असला चांगला जिन्नस नासवणाऱ्याच्या नावाने त्याने एक सणसणीत शिवी घातली आणि मला विचारलं, "ही वरची सही कोणत्या नालायकाची?"

मी म्हणालो, "आठवत नाही."